गाडीखाना ते भोसरी

१९९४ साल. पुण्याच्या गुप्तरोग क्लिनिकांत त्या वर्षी ३०२ जणांच्या जखमांवरून स्वॅब फिरवले गेले. २७७ पुरुष, २५ बायका. तक्रार सगळ्यांची एकच, गुप्तांगावरची जखम. मंडईपासून चार पावलांवर गाडीखान्यात महापालिकेचा कोटणीस दवाखाना आहे. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेची, म्हणजे भोसरीच्या ‘नारी’ची माणसे तेव्हा जिथे बसत, त्यांतली ती एक जागा. संस्था १९९२ ची, म्हणजे जेमतेम दोन वर्षांची. डॉ. अरुण रिसबूड, डॉ. दीपक गडकरी आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांना शोधायचे होते की जखम नेमकी कोणत्या जंतूची. त्यासाठी त्यांनी एकाच स्वॅबमधून तीन जंतूंचा डीएनए एकदम शोधणारी पीसीआर चाचणी वापरली. १९९४ मधल्या स्वॅबांवर. पुण्याला पीसीआर हा शब्द कळायला अजून सव्वीस वर्षे होती.

निकाल असा आला: हर्पिस २६ टक्के, शँक्रॉइड २३ टक्के, सिफिलिस १० टक्के, एकाहून अधिक जंतू ७ टक्के. उरलेल्या तिसऱ्या हिश्शात काहीच सापडले नाही. आणि या ३०२ जणांपैकी २२ टक्क्यांना एचआयव्हीची लागण झालेली होती.

या आकड्यांपाशी मी पुन्हा पुन्हा थांबते. जखम पाहून ‘गरमी आहे’, म्हणजे सिफिलिस आहे, म्हणायचे आणि पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हर्पिसवर पेनिसिलिन काहीच करत नाही. म्हणजे चौघांमागे एकाला इंजेक्शनचे दुखणे तेवढे मिळणार आणि औषध नाहीच. त्यात हर्पिसची जखम आपोआप सुकते, त्यामुळे पेशंटलाही वाटते गुण आला, डॉक्टरलाही वाटते. दोघांची समजूत पक्की होते आणि विषाणू मज्जातंतूत जाऊन बसतो. पुढे पुण्याच्याच क्लिनिकांतून दिसून आले की नुकताच हर्पिस झालेल्या माणसाला एचआयव्ही होण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो.

सूक्ष्मदर्शकाने सिफिलिसचा जंतू पाहण्याची जुनी पद्धत म्हणजे डार्कफील्ड. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारी, पिळे घेत सरकणारी बारीक दोरी दिसली की निदान झाले. याच अभ्यासात ही पद्धत पीसीआरशेजारी ठेवून पाहिली, तर निम्म्याहून अधिक सिफिलिस तिच्या नजरेतून निसटलेला निघाला.

*

पीसीआरचे गणित सोपे आहे. जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा उष्णतेने उलगडायचा, त्याला नेमक्या जागी चिकटणारे छोटे तुकडे लावायचे, आणि उष्णतेत न बिघडणाऱ्या एन्झाइमकडून त्याची प्रत करून घ्यायची. एका फेरीत एकाचे दोन. तीस फेऱ्यांनंतर १०७ कोटींवर. नमुन्यात जंतू मूठभर असले तरी लपत नाहीत. कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये ही कल्पना सुचली, दहा वर्षांनी नोबेल मिळाले.

कोरोनाच्या काळात पुणेकर हे सगळे शिकले. जिन्यात उभे राहून शेजारी एकमेकांना ‘सीटी व्हॅल्यू किती आली’ विचारत होते. देशातला पहिला कोरोना रुग्ण जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत पक्का झाला. मार्चमध्ये पुण्याच्याच मायलॅबच्या किटला मान्यता मिळाली. ते बनवणाऱ्या गटाच्या प्रमुख मिनल दाखवे-भोसले बाळंतपण तोंडावर असताना काम करत होत्या. ज्या तंत्राचे एवढे कौतुक झाले, तेच तंत्र लघवीच्या डबीतून क्लॅमिडिया शोधते, हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही.

*

क्लॅमिडिया या जंतूबद्दल थोडे. हा पेशीच्या आत राहतो, साध्या कल्चरवर वाढत नाही. बहुसंख्य स्त्रियांना त्याचे काहीच लक्षण जाणवत नाही. दुखत नाही, जळजळत नाही. तो गर्भाशयाच्या तोंडापासून वर सरकतो, नळ्यांना सूज आणतो, व्रण ठेवतो. चार-पाच वर्षांनी लग्न झालेली बाई ‘दिवस राहत नाहीत’ म्हणून डॉक्टरकडे जाते, रंग सोडून एक्स-रे काढतात, नळ्या बंद निघतात. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे क्षयाचाही मोठा वाटा आहे, हे खरे. पण अशा बाईच्या सासरी दोष कोणाचा ठरतो, हे सांगायला नको. जंतू बहुतेक वेळा तिच्याकडे आलेला असतो, तिने आणलेला नसतो.

आणि वेळेत सापडला तर उपचार एका आठवड्याच्या डॉक्सिसायक्लिनचा. दिवसाला दोन गोळ्या.

*

‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९९७ मध्ये पुण्याबद्दल एक निबंध छापून आला. लेखकांत पहिले नाव डॉ. रमण गंगाखेडकरांचे, २०२० मध्ये रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसायचे तेच. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग क्लिनिकांत आलेल्या ९१६ स्त्रिया तपासल्या. त्यांतल्या ३९१ जणी लैंगिक व्यवसायात नव्हत्या. या ३९१ पैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्ही होता. बहुतेक लग्न झालेल्या, आणि आयुष्यात एकच पुरुष, तो म्हणजे नवरा.

हा आकडा पुण्यातल्या सगळ्या बायकांचा नव्हे, क्लिनिकपर्यंत आलेल्यांचा आहे. एवढे लक्षात ठेवूनही तो वाचवत नाही. त्या दिवसांत शहराची सगळी बोटे बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीकडे होती. पत्रके तिथे, निरोध तिथे, पोलिसांच्या धाडी तिथे. तिथल्या बायकांनी पुढे सहेली संघ उभा करून आपली तपासणी आणि आपले औषध स्वतःच्या हातात घेतले, एकमेकींना क्लिनिकला नेले. कोथरूडच्या किंवा हडपसरच्या वन-रूम-किचनमध्ये राहणाऱ्या बाईला असे नेणारे कोणी नव्हते. आजही नाही.

*

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोवर जगभरचे आरोग्य कार्यक्रम गावातल्या बाईला गर्भाशयापुरते ओळखत: दिवस गेले का, पाळणा लांबवायचा का. ‘अंगावरून पांढरं जातंय’ हे वाक्य ती आईला सांगते, जावेला सांगते, सुईणीला सांगते. आणि ‘सगळ्यांनाच असतं’ असे उत्तर घेऊन गप्प बसते.

*

रंगीत डबे. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत आहे, आणि प्रत्येक लक्षणसमूहाला एका रंगाचा डबा. पुरुषाच्या लघवीच्या मार्गातून पू येतोय, तर करडा: अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. योनीतून स्राव असेल तर हिरवा. जखम असेल तर पांढरा, पेनिसिलिन सोसत नसेल तर निळा. हर्पिसला लाल. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळा. जांघेत गाठ आली असेल तर काळा.

ही पद्धत मी हिणवणार नाही. जिथे प्रयोगशाळा नाही, जिथे पेशंट पुन्हा येईल याची खात्री नाही, तिथे त्याच भेटीत, पैसे न घेता औषध हातात देणे हे मोठे काम आहे. कामावरून अर्धा दिवस रजा काढून आलेला हमाल ‘रिपोर्ट परवा घ्यायला या’ म्हटल्यावर परत येत नाही. शँक्रॉइड, जो १९९४ मध्ये पुण्याच्या क्लिनिकांत जवळजवळ हर्पिसच्या बरोबरीने होता, तो आज आपल्याकडे दुर्मीळ झाला आहे, आणि त्यात या सरसकट औषधांचा हात आहे.

पण ही पद्धत पुरुषासाठी जितकी चालते तितकी बाईसाठी चालत नाही. पुरुषाच्या शिश्नातून पू येतो तेव्हा तो दिसतो, आणि तिथे अंदाज बहुतांशी बरोबर निघतो. बाईच्या योनीतला स्राव बुरशीचा असू शकतो, तिथल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडल्याचा असू शकतो, किंवा काहीच नसू शकते. आणि गर्भाशयाच्या तोंडाशी गोनोरिया किंवा क्लॅमिडिया बसलेला असताना स्राव नसूही शकतो. म्हणजे डबा चुकीच्या बाईला मिळतो, आणि जिला हवा ती तक्रारच नाही म्हणून घरी बसते. जिला आजार नाही तिला ‘हा लैंगिक आजार आहे, नवऱ्यालाही आणा’ असे सांगितले जाते, तेव्हा घरात काय होत असेल याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले की जिथे खात्रीची तपासणी मिळू शकते तिथे ती करून मगच औषध द्यावे. पुण्यात ती मिळू शकते. पुण्यात नाही मिळणार तर कुठे?

*

नमुना घेण्याबद्दल एक साधी गोष्ट, जी कलेक्शन सेंटरवरही चुकते. लघवीच्या नेहमीच्या कल्चरला ‘सुरुवातीची सोडून मधली लघवी’ घ्यायला सांगतात. क्लॅमिडिया-गोनोरियाच्या पीसीआरला उलटे. सुरुवातीचीच हवी, वीस-तीस मिलिलिटर, आणि त्याआधी निदान तासभर लघवीला गेलेले नसावे. मार्गात चिकटलेल्या पेशी पहिल्या धारेबरोबर वाहून येतात. मधली घेतली तर जंतू पायखान्यात गेले आणि डबीत पाणी आले. ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट हाती येतो आणि माणूस निर्धास्त घरी जातो.

बायकांसाठी योनीतला स्वॅब अधिक चांगला. आणि तो बाईने स्वतः, पडद्याआड किंवा घरच्या न्हाणीघरात घेतला तरी डॉक्टरने घेतलेल्याइतकाच खात्रीचा निघतो, हे पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे. टेबलावर पाय फाकवून झोपायचे नाही, कोणासमोर कपडे काढायचे नाहीत. गडचिरोलीतल्या त्या स्त्रियांपैकी आठ टक्क्यांनीच कधी तपासणी करून घेतली होती, त्यामागे हे टेबलही होतेच.

*

चाचणीला काय दिसत नाही, तेही लिहून ठेवते.

सापडलेला जंतू जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. औषध पूर्ण झाल्यावर लगेच, तीन-चार आठवड्यांच्या आत, पुन्हा तपासले तर जंतूचे अवशेष सापडून रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. मग औषध बदलले जाते, आणि नवऱ्या-बायकोत नव्याने संशय. त्यापेक्षा तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, कारण तेव्हा सापडतो तो बहुतेक वेळा नव्याने आलेला जंतू असतो, जोडीदाराचे औषध राहून गेलेले असते.

कोणते औषध चालेल हे साधी पीसीआर सांगत नाही. गोनोरियाने, म्हणजे जुन्या माणसांच्या परम्याने, एकामागून एक औषधे निकामी केली आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिन तर आपल्याकडे केव्हाच गेले. त्यासाठी जंतू वाढवून त्यावर औषधे टाकून पाहावीच लागतात. सगळ्या प्रयोगशाळांनी कल्चर बंद करून नुसती यंत्रे घेतली तर हा जंतू पुढे काय शिकतो आहे, हे आपल्याला उशिरा कळेल.

आणि चाचणी ज्या तुकड्याला शोधते, तोच तुकडा जंतूने गमावला तर? २००६ मध्ये स्वीडनमध्ये नेमके हे झाले. क्लॅमिडियाचा एक प्रकार पसरला ज्याच्या प्लाझ्मिडमधून, म्हणजे डीएनएच्या वेगळ्या छोट्या कड्यातून, ३७७ अक्षरे गळालेली होती, आणि बाजारातल्या काही चाचण्या नेमक्या तिथेच पाहत होत्या. रुग्णसंख्या ‘कमी’ झाली म्हणून काही काळ बरे वाटले. आता चांगल्या चाचण्या दोन-दोन जागा पाहतात. किट खरेदी करणाऱ्यांनी निविदेत हे विचारावे.

*

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ चालले. गुप्तरोगांवर सरळ मराठीत, नावे घेऊन लिहिणारा तो माणूस होता, आणि अश्लील लिहिल्याच्या आरोपावरून त्यांनी कोर्टात दंड भरला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. पुण्यात एसटी स्टँडच्या भिंतींवर अजूनही ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ची स्टिकरे आहेत, फोन नंबरासकट. कर्व्यांना जाऊन सत्तर वर्षे उलटली.

*

भोसरीला टपालाने येणारी पाकिटे. आत जाड कागदाचे कार्ड, त्यावर सुकलेले रक्ताचे थेंब. हे रक्त बाळाच्या टाचेतून काढलेले असते. आईला एचआयव्ही असेल तर तिची प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे नेहमीची चाचणी बाळाला लागण नसतानाही पॉझिटिव्ह येते. खरे काय ते विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधूनच कळते, आणि ते सहाव्या आठवड्यात कळू शकते. ‘नारी’ हे काम करते (संस्थेचे नाव आता बदलले आहे, लोकांच्या तोंडी जुनेच). दीड वर्ष वाट पाहण्यात लागण झालेली कितीतरी बाळे उपचाराविना दगावत. सुकलेल्या थेंबाला बर्फ लागत नाही, तो दूरच्या तालुक्यातून येऊ शकतो.

लैंगिक आजारांच्या तपासणीबद्दल बोलताना ही कार्डे माझ्या डोळ्यासमोर असतात. ज्यांनी ‘अशा’ तपासण्या म्हणून नाक मुरडले, त्यांनी एकदा त्या थेंबाचा आकार पाहावा.

*

धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांनी ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन आठ वर्षांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या एचपीव्ही विषाणूने होतो, तोही लैंगिक संबंधांतूनच येतो. काही गावांत या विषाणूचा डीएनए शोधला, काहींत पॅप तपासणी, काहींत व्हिनेगर लावून नुसते पाहिले, आणि काहींत नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये निकाल आला. नेहमीच्या सेवेतल्या ३१,४८८ जणींपैकी ६४ जणी या कर्करोगाने गेल्या. डीएनए चाचणी झालेल्या ३४,१२६ जणींपैकी ३४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे. बाकी दोन्ही तपासण्यांनी असा फरक पडला नाही.

तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल पुढे कडक आक्षेप घेतले गेले, आणि ते मला रास्त वाटतात. त्या ६४ जणींच्या मरणातून जगाने धोरण शिकले. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत उस्मानाबादचा दाखला येतो. त्या गावांतल्या लेकी-सुनांना आज ही चाचणी नेमाने मिळायला हवी, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो. लसही आता इथलीच आहे. सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पण आज चाळिशीत असलेल्या बाईला लसीचा फारसा फायदा नाही, तिच्यासाठी स्वॅबच.

*

गोपनीयता. खासगी लॅबचा रिपोर्ट आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. सोय आहे. पण नोंदणीच्या वेळी नंबर कोणाचा दिला? कितीतरी बायका नवऱ्याचा देतात, मुलाचा देतात, कारण फोन तोच. काउंटरवरच्या मुलीने हळू आवाजात ‘रिपोर्ट याच नंबरवर पाठवू का?’ एवढे विचारले तरी एखादी बाई वाचेल. पाकिटावर तपासणीचे नाव मोठ्या अक्षरांत छापू नये. बोलावताना ‘कोण एसटीडीवाले?’ असे ओरडू नये. हे मी ऐकले आहे. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा आहे: संमतीशिवाय तपासणी नाही, परवानगीशिवाय वाच्यता नाही. क्लॅमिडियाला तसे कवच नाही. तिथे माणुसकीवरच भिस्त.

नवऱ्याला कसे सांगायचे, हा सगळ्यांत अवघड प्रश्न, आणि त्याला यंत्र नाही. समुपदेशक लागतो. सरकारी केंद्रांतल्या समुपदेशक बायका हे काम अपुऱ्या पगारात आणि कंत्राटावर वर्षानुवर्षे करत आहेत. कधी नवऱ्याला ‘दोघांचीही तब्येत पाहायची आहे’ एवढेच सांगून बोलावतात. कधी बाईच्या हाती दोघांची औषधे देतात. काहींना मारहाणीची भीती असते, तेव्हा आधी घरातली सुरक्षितता पाहावी लागते, जंतू नंतर. माहिती हवी असेल तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

*

खर्च. खासगीत सगळ्या जंतूंचे एकत्रित पॅनेल काही हजारांना पडते. महापालिकेच्या दवाखान्यात रांगेत उभी असलेली बाई ते करणार नाही.

एक रस्ता आहे, आणि त्याच्या सुरुवातीच्या पावलांत पुण्याचे रक्त आहे. २००० साली ‘नारी’ आणि जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी दाखवले की अनेकांचे रक्तद्रव एकत्र करून त्यात एचआयव्हीचा आरएनए शोधला, तर ज्यांच्या शरीरात अजून प्रतिद्रव्ये तयारही झालेली नाहीत अशी ताजी लागण कमी खर्चात सापडते. एकत्र केलेला नमुना निगेटिव्ह आला की सगळेच मोकळे. पॉझिटिव्ह आला तरच एकेकाचा तपासायचा. कोरोनात पाच-पाच स्वॅब एकत्र करण्याची मुभा दिली गेली ती याच तत्त्वावर. क्लॅमिडियासाठीही इतर देशांत हे करून पाहिले आहे.

गरोदर बाईचे एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त आपल्याकडे घेतलेच जाते. त्याच भेटीत तिच्या हाती एक स्वॅब द्यावा. कमला नेहरू रुग्णालयात, सोनवणे रुग्णालयात, प्रत्येक प्रसूतिगृहात. पाच-पाचचे गट करावेत. कोरोनासाठी घेतलेली यंत्रे आहेत, ती चालवायला शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांची कंत्राटे साथ ओसरल्यावर संपली. सुरुवात एका प्रसूतिगृहापासून, एका वर्षासाठी केली तरी पुण्यातल्या गरोदर बायकांत क्लॅमिडिया आणि गोनोरिया किती, हा आकडा शहराच्या हाती येईल, आणि महापालिकेच्या आरोग्य खात्याला पुढच्या अंदाजपत्रकात तो मांडता येईल.